उस्तादांचा पटका कोणाकडे जावा याविषयी

मी, संजीव माधव गायधनी, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय सिव्हिल इंजिनिअर, मूळ गाव नाशिक, सध्या मुक्काम बिन महमूद, दोहा, कतार, या कागदावर लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, रक्तातली साखर थोडी जास्त आहे, आणि मी हे कोणाच्या धाकाने लिहीत नाही. शोभाचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, धाक आहे. पण तो छत्तीस वर्षांपासून आहे, तेव्हा तो कायद्याने धरू नये असे वकिलांचे मत पडले. २०११ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या वह्यांची सोय फार बारकाईने लावली होती आणि माणसांविषयी जवळजवळ काहीच लिहिले नव्हते.

आमची एकुलती मुलगी वल्लरी इथेच वेस्ट बेमध्ये एका बँकेत नोकरी करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. "बाबा, प्लीज कीप इट टू वन पेज," असे तिने बजावले होते. मी प्रयत्न केला. ते एका पानात बसणारे नाही हे तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी लक्षात आले.

कलम १. नाशिकला गंगापूर रोडवरचा फ्लॅट शोभाला मिळावा आणि तिच्यामागे वल्लरीला. माझा धाकटा भाऊ विजय याच्याकडे त्याची किल्ली असते. त्याने मला न विचारता बाल्कनीला ग्रिल लावले आणि त्याच्या आत स्वतःच्या बायकोच्या कुंड्या आणून ठेवल्या. ग्रिल चांगले आहे, राहू द्यावे. कुंड्या त्याने घेऊन जाव्यात. विजयविषयी माझ्या मनात याहून जास्त काही नाही, आणि हेही कुंड्या गेल्या की संपेल.

कलम २. इथल्या आणि नाशिकच्या बँकांतली शिल्लक, विमा आणि कंपनीकडून यायचे ते, सगळे शोभाचे. त्यातला एक चतुर्थांश हिस्सा मात्र धनाजी साळवे, मुक्काम केज, जिल्हा बीड, यांना द्यावा. शोभाला हे मान्य आहे. का, ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ३. माझी गाडी विकून टाकावी. तिच्या एसीबद्दल घेणाऱ्याला खरे सांगावे. माझ्या हत्यारांत पितळी ओळंबा, दोन स्पिरिट लेव्हल, भिंतीतली ओल मोजायचे यंत्र आणि कॉलेजातली कंपासपेटी एवढेच आहे. ओळंबा सोडून बाकीचे ज्याला हवे त्याने न्यावे. ओळंबा वल्लरीने ठेवावा. तिला तो कशासाठी असतो हे माहीत नाही, पण लहानपणी ती त्याला दोरीचा भोवरा म्हणायची आणि रडायची थांबायची.

कलम ४. आता वह्या. एकूण सतरा आहेत. विषय एकच, मध्ययुगातल्या मुसलमान कारागिरांच्या बिरादऱ्या. इंजिनिअरने हा नाद कशाला करावा, असे मला या देशात निदान शंभर जणांनी विचारले असेल. मी भिंती, छत, गिलावा यात आयुष्य काढले, आणि जुन्या इमारती पाहताना मला नेहमी वाटायचे की हे ज्यांनी केले त्यांची नावे कुठेच नाहीत. नावे शोधायला गेलो तर बिरादऱ्या सापडल्या.

थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. सुतार, लोहार, विणकर, गवंडी अशा प्रत्येक धंद्याची आपली जमात असे आणि तिचा एक म्होरक्या. धंद्याचा आदिपुरुष म्हणून एखादा पैगंबर असे. लोहारांचा दाऊद, सुतारांचा नूह, शिंप्यांचा इद्रीस. शागिर्द तयार झाला की उस्ताद सगळ्यांच्या देखत त्याच्या कमरेला पटका बांधी. त्या दिवसापासून तो कारागीर, आणि त्या दिवसापासून तो बिरादरीच्या शब्दाला बांधलेला. हे सगळे नेमके कधी सुरू झाले यावर विद्वानांचे एकमत नाही. त्यांच्या भांडणात माझ्या तीन वह्या खर्ची पडल्या.

मला खरी ओढ होती ती निराळ्या प्रश्नाची. चुन्याने हात फाटलेल्या या माणसांना राज्यकर्ते का भीत होते? तेराव्या-चौदाव्या शतकात अनातोलियात सुलतान दुबळे झाले, तेव्हा काही गावांचा कारभार बिरादऱ्यांचे म्होरकेच पाहत असत. पुढे सतराव्या शतकात इस्तंबूलच्या दुकानदारांवर हिणकस नाणी लादली, तेव्हा त्यांनी बाजार बंद केला, सगळे राजवाड्यावर चालून गेले आणि वजिराला घरी बसावे लागले. यावरचा उतारा काय, हेही मी वहीत लिहून ठेवले होते. शहाण्या राजाने बिरादरी मोडायची नाही. तिचा म्होरक्या आपण नेमायचा, त्याला शिक्का द्यायचा, लोकांची कामे त्याच्या हातून करून द्यायची. मग बिरादरी दिसायला तशीच राहते आणि तिचा जोर निघून जातो. या ओळीखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत मी या विषयावर तीनदा व्याख्यान दिले. तिसऱ्या वेळी दुसऱ्या रांगेत वसंतराव पेंडसे घोरले. नंतर म्हणाले, "गायधनी, तुमचा विषय चांगला आहे हो, पण तो ऐकायला माणूस तेराव्या शतकातला पाहिजे." लोक हसले. मीही हसलो, आणि ते मी विसरलेलो नाही. वसंतराव या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. सही करेपर्यंत ते जागे राहतील अशी आशा आहे.

सतरापैकी सोळा वह्या रद्दीत घालाव्यात. अकरावी वही पैठणला नफिसा शेख यांच्याकडे पाठवावी. तिच्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या वडिलांचा आहे. मी फक्त उतरवून घेतला.

कलम ५. नफिसाचे वडील म्हणजे उस्ताद शहजाद शेख, पैठणचे, चुनेगच्चीच्या कामात सात पिढ्या. या देशात चुन्याऐवजी जिप्समवर कोरीव काम करत. २०१३ साली लुसैलमधल्या एका हॉटेलच्या मोठ्या दालनाचे काम आमच्या कंपनीकडे आले, आणि ते एक्केचाळीस माणसे घेऊन आले. मी त्या कामावर देखरेखीला होतो. दुसऱ्याच दिवशी मी पाहिले की त्यांच्यातल्या एका माणसाने नवीन पट्टी सुरू करण्याआधी आपले हत्यार उस्तादांच्या हाताला लावून घेतले. मी विचारले, हे काय? उस्ताद म्हणाले, "आमची जुनी रीत हाय साहेब. तुम्हाला काय करायची?"

मला काय करायची होती, ते मी त्यांना सांगितले. वीस वर्षे जे पुस्तकांत शोधत होतो ते माझ्यासमोर जिप्समने पांढरे होऊन उभे होते. त्यानंतर तीन वर्षे मी बहुतेक शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या खोलीवर जात असे. शोभा डब्यात थालीपिठे द्यायची. ते खाटेवर बसून सांगत, मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहीत असे. त्यांच्या बिरादरीत कामावर हात बसलेल्या माणसाला पटका मिळे. सुती, पांढरा, चार हात लांब. त्याच्या टोकाला उस्ताद तीन गाठी मारत. पहिली ज्याच्या त्याच्या देवाची, दुसरी उस्तादाची, तिसरी बिरादरीची. एक्केचाळिसांत नऊ जण हिंदू होते आणि त्यांनाही पटका होता. पहिला पटका मिळाला होता तो साताऱ्याच्या शहाजी मोहिते यांना. उस्ताद त्यांना माझा उजवा हात म्हणत. मला उस्तादांनी पटका बांधला नाही. मी कारागीर नव्हतो आणि तसे ते स्पष्ट म्हणालेही. पण जे घरात बोलायचे ते त्यांनी माझ्यासमोर बोलले. बिरादरीत कोणाच्या शब्दाला किती वजन, कोण कोणाला बांधलेला, उस्ताद गेला तर कोण, हे बाहेरच्या माणसाला सांगायचे नसते. मला सांगितले.

कलम ६. २०१६ च्या मार्चमध्ये धनाजी साळवे परांचीवरून, म्हणजे छताच्या कामासाठी बांधलेल्या मचाणावरून, खाली पडले. कमरेचे हाड मोडले. सेफ्टीच्या रिपोर्टमध्ये लिहिले गेले की कामगाराला हार्नेस दिला होता आणि त्याने तो लावला नाही. हे खोटे होते. त्या आठवड्यात त्या पाळीला हार्नेस दिलेच नव्हते. वाटपाच्या तक्त्यात त्या तारखांचा रकाना कोरा होता आणि त्या तक्त्यावर माझी सही होती. त्याची प्रत माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे. ती धनाजींना द्यावी. तिचा आता उपयोग काय, असे ते विचारतील, आणि ते बरोबर असेल. वर लिहिलेला एक चतुर्थांश हिस्सा त्यासाठीच आहे. तो उपकार नाही.

उस्तादांनी रिपोर्ट दुरुस्त करायला सांगितला. कंपनीने नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळीस वजा एक, चाळीस माणसांनी आपापला पटका दालनाच्या फरशीवर पसरला, त्यावर कोरण्या आणि थाप्या ओळीने मांडल्या आणि भिंतीला टेकून बसली. घोषणा नाही, आवाज नाही. मी उस्तादांना बाजूला घेऊन म्हटले की या देशात याला संप म्हणतात आणि परदेशी कामगाराला तो चालत नाही. ते म्हणाले, "हडताळ कोण म्हणलं? कागद खोटा हाय तवर आमचा हात जिप्समला लागत नाही, बस. कागद खरा करा, आम्ही आत्ता उठतो." पुस्तकात वाचलेला बंद बाजार मी तेव्हा डोळ्यांनी पाहिला. मी मनाने त्यांच्याच बाजूचा होतो, हे खरे आहे. आणि पुढचेही खरे आहे.

कलम ७. चौथ्या दिवशी प्रोजेक्ट डायरेक्टरने मला बोलावले. कॉफी मागवली. म्हणाला, तू या लोकांना ओळखतोस, तू त्यांच्यावर काही लिहिलेही आहेस असे ऐकतो, मला समजावून सांग. मी चाळीस मिनिटे बोललो. त्याने मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. त्याने प्रश्न विचारले, आणि चांगले विचारले. राज्यकर्ते अशा वेळी काय करत, हा त्यातला शेवटचा होता. मी ते सांगितले. "दोन पानांत लिहून दे," असे तो म्हणाला आणि मी त्याच दुपारी लिहून दिले. लिहिले की ही माणसे मोडणार नाहीत, मोडायचा प्रयत्न करू नये. उस्तादाचा शब्द चालतो तोवर काही होणार नाही. त्यांच्यातलाच, पहिला पटका मिळालेला माणूस निवडावा, त्याला कंपनीचे पद आणि खोली द्यावी, सुट्ट्या आणि पास त्याच्या सहीने द्यावेत. नाव लिहिले नाही. लिहायची गरज नव्हती, पहिला पटका कोणाचा हे मी त्या चाळीस मिनिटांत बोलून गेलो होतो.

मला कोणी पैसे दिले नाहीत, बढती दिली नाही, धमकीही दिली नाही. तसे काही असते तर आज मला बरे वाटले असते. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या विषयाबद्दल मनापासून विचारले होते. मला आनंद झाला होता. ते पान मी एकदा शुद्धलेखन तपासून परत टाइप केले. हे लिहिताना लाज वाटते आणि ते गाळावे असे दोनदा मनात आले. शोभाने गाळू दिले नाही.

डायरेक्टरने शहाजींना बोलावून सांगितले की ते हेड आर्टिझन झाले तर चाळीस जण राहतील, नाही तर चाळीसच्या चाळीस पुढच्या आठवड्यात विमानात बसतील. शहाजींनी त्या माणसांची घरे डोळ्यांपुढे आणून हो म्हटले. पाच दिवसांत काम सुरू झाले. ज्याला रजा हवी, ज्याला पास हवा, तो शहाजींच्या खोलीत जाऊ लागला, आणि आठव्या दिवशी उस्तादांशी बोलायला कोणाला कारण उरले नाही. अगदी मी लाल रेघा मारलेल्या त्या ओळीप्रमाणे झाले.

नंतर उस्तादांनी सगळ्यांना दालनात जमवले. शहाजींचा पटका मागून घेतला. म्हणाले, "पहिला पटका कुणाचा, कुणाच्या मागं माणसं जातील, हे बाहेर कुणाला ठावं नव्हतं. तू सांगितलंस. घरचं बाहेर नेलंस." शहाजी म्हणाले, "उस्ताद, आईशप्पथ, म्या न्हाई." उस्तादांनी तिसरी गाठ सोडली. दातांनी सोडावी लागली, इतकी ती घट्ट होती. आणि पटका परत त्यांच्या हातात दिला. मी दहा फुटांवर हातात टेप घेऊन उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते. टेप गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसलो.

महिन्याभरात उस्तादांना घरी पाठवले. धनाजी त्या खोट्या रिपोर्टसकट घरी गेले. बिरादरी पांगली. शहाजींना त्या माणसांनी घरभेदी ठरवले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला साताऱ्यात त्या चाळिसातला एकही आला नाही. ते आता दुखानला एका ठेकेदाराकडे रंगकाम आणि फिनिशिंग पाहतात. अधूनमधून मला फोन करतात, साहेब बरे आहात ना म्हणून.

उस्तादांशीही मी फोनवर बोलत राहिलो. ईदला, दिवाळीला. नऊ वर्षे. प्रत्येक वेळी ठरवायचो की आज सांगायचे, आणि ते शोभाच्या थालीपिठांची चौकशी करायचे.

कलम ८. या ऑगस्टमध्ये उस्ताद पैठणला वारले. सप्टेंबरमध्ये नफिसाकडून पार्सल आले. त्यात उस्तादांचा स्वतःचा पटका होता, त्यांच्या उस्तादांनी बांधलेल्या तीन गाठींसकट. हा ज्याच्याकडे तो बिरादरीचा म्होरक्या. नफिसा तिथल्या शाळेत शिकवते, तिने सुरेख मराठीत पत्र लिहिले होते. "काका, अब्बा शेवटी म्हणाले, कारागिरांनी पाठ फिरवली पण साहेबांनी नाही फिरवली. पटका साहेबांना द्या. योग्य माणूस सापडला तर ते त्याच्याकडे सोपवतील, नाही तर त्यांच्याकडेच राहू दे." पार्सल मी स्वयंपाकघरात उघडले. पत्र शोभाने वाचून दाखवले, आणि माझा चेहरा पाहून विचारले, काय झाले? मग मी तिला सगळे सांगितले. तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "आणि नऊ वर्षं मी विचारत होते, उस्तादांना माझा नमस्कार सांगितलात का."

तो पटका आमच्या कपाटात तिच्या शालूंच्या खाली आहे. तो मला ठेवता येत नाही. नफिसाला परत पाठवणे म्हणजे कारण सांगावे लागणे, आणि तेवढे धैर्य मला या दोन महिन्यांत झाले नाही. तेव्हा मी ठरवतो की हा पटका शहाजी आनंदा मोहिते यांना मिळावा. उस्तादांमागे तो त्यांच्याकडेच जायचा होता. त्यांनी घरचे बाहेर नेले नाही. नेणारा मी. या मृत्युपत्राची एक प्रत माझ्या मरणानंतर वल्लरीने नफिसाला आणि त्या चाळिसांपैकी ज्यांचे पत्ते सापडतील त्यांना पाठवावी.

कलम ९. माझे दहन नाशिकला करावे. न जमल्यास इथे जे होईल ते. यासाठी कोणी विमानाच्या तिकिटांसाठी धावपळ करू नये.

पुरवणी. वरील मजकूर गेल्या सोमवारी पुरा झाला. वकिलांनी सही आजच्या शुक्रवारी ठेवली. साक्षीला वसंतराव आणि वल्लरीच्या बँकेतले एक गृहस्थ यायचे होते. शोभाने मला न विचारता शहाजींना दुखानहून जेवायला बोलावले. म्हणाली, "मेल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. आधी त्यांना वाचू दे."

शहाजींनी चष्मा लावून सगळे वाचले, पहिल्या पानापासून. कुंड्यांपाशी जरा हसलेसुद्धा. सातव्या कलमाला त्यांनी पान खाली ठेवले, पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, आणि परत पान घेतले. आठवे वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "नफिसाताईला ह्ये कळिवलंय का?"

मी म्हटले, नाही. माझ्यानंतर कळेल असे लिहिले आहे.

"त्ये 'मरणानंतर' खोडा साहेब."

मी खोडले. तिथे माझी सही आहे. वल्लरीने त्याच वेळी सगळ्या पानांचे फोटो काढले. मला विचारले, "बाबा, आर यू शुअर?" आणि मी हो म्हटल्यावर नफिसाला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. येईल ते मला ऐकावे लागेल.

शोभाने पटका आणून टेबलावर ठेवला. शहाजींनी हात लावला नाही. बँकेतले गृहस्थ लुसैलच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शहाजी म्हणाले, "त्यांना न्हाई म्हणून सांगा. दुसरा साक्षीदार मी हुतो." मी त्यांना वकिलांचे म्हणणे सांगितले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. सही केली तर पटका त्यांचा राहणार नाही.

"म्हनूनच करतो," ते म्हणाले.

वसंतराव इतका वेळ पूर्ण जागे होते. त्यांनी माझ्याआधी विचारले, "अहो मोहिते, पण का? तुमचं नाव निर्मळ झालं की."

शहाजी त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलले. आवाज चढवला नाही. "साहेब, माज्या पटक्याची गाठ उस्तादांनी सोडली. ज्यानं सोडली त्यानंच बांधायची, दुसऱ्याला त्यो हक न्हाई. ती सुटलेली असताना त्यांचा पटका मी कुठल्या तोंडानं घिऊ? ऑगस्टपत्तुर उस्ताद हुते साहेब. तुमी फोनवर सांगितलं असतं, तर त्यांनी मला पैठणला बोलवून बांधली असती."

हा नियम माझ्या सतरा वह्यांत कुठे नाही. मी कधी विचारला नव्हता.

तेव्हा कलम ८ मधला पटक्याविषयीचा मजकूर रद्द समजावा. पटका कोणाकडे जावा, हे या मृत्युपत्राने ठरलेले नाही. बाकी कलमे कायम आहेत. शहाजींनी साक्षीची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे. वकिलांनी ती तशीच ठेवायला हरकत घेतली नाही.

लिहून देणार: संजीव माधव गायधनी

साक्षीदार १: वसंतराव श्रीधर पेंडसे. मजकूर माझ्यासमोर वाचला गेला आणि सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: शहाजी आनंदा मोहिते, गवंडी, मूळ गाव वडूज, जिल्हा सातारा, सध्या दुखान. वरचे सगळे मी स्वतः वाचले. ते खरे आहे. उस्ताद हयात असताना हे कोणी सांगितले नाही. सही केली.

दोहा, कतार
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५